पवनविजेचा अंदाज चुकणार हे धरूनच वेळापत्रक कसे आखावे?

चाळकेवाडीकर (प्रश्न)

नमस्कार. पवनऊर्जा प्रकल्पांच्या वतीने विजेचे वेळापत्रक देणाऱ्या एका समन्वय संस्थेत, म्हणजे आपण ज्याला क्यूसीए म्हणतो तिथे, मी चार वर्षे काम करत आहे. साताऱ्याच्या पठारांवरची आणि धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातली काही पूलिंग उपकेंद्रे, म्हणजे अनेक पवनचक्क्यांची वीज एकत्र करून ग्रिडला देणारी उपकेंद्रे, माझ्याकडे आहेत. दिवसाचे ९६ ब्लॉक, प्रत्येक ब्लॉक १५ मिनिटांचा, आणि प्रत्येक ब्लॉकसाठी आमच्याकडून जाणारा एकच आकडा. तो आदल्या दिवशी राज्य भार प्रेषण केंद्राला, म्हणजे राज्याच्या ग्रिडवर विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या केंद्राला, कळवायचा आणि मग दिवसभर दीड-दीड तासाच्या टप्प्यांत त्याला दुरुस्त्या द्यायच्या, हे माझे रोजचे काम आहे.

गेल्या जुलैतील एका रात्रीने मला जो प्रश्न पडला, तो मी इथे सविस्तर मांडतो. उपकेंद्राची उपलब्ध क्षमता ५० मेगावॅट होती आणि संध्याकाळी प्रत्यक्ष निर्मिती १० मेगावॅटच्या आसपास होती. आमच्याकडे येणाऱ्या दोन अंदाजांपैकी एक सांगत होता की रात्री ९ वाजता वारा वाढेल आणि निर्मिती ३५ मेगावॅटवर जाईल. दुसरा सांगत होता की वारा वाढेल हे खरे, पण मध्यरात्रीनंतर. दोन्ही अंदाजांचा आजवरचा अनुभव सारखाच असल्याने कोणावर जास्त भरवसा ठेवावा, हे ठरेना. शेवटी आम्ही ९ ते १२ या बारा ब्लॉकसाठी मधला आकडा, साडेबावीस मेगावॅट, दिला. वारा मध्यरात्रीनंतरच आला आणि बाराही ब्लॉकमध्ये निर्मिती १० मेगावॅटच राहिली.

आता हिशोब पाहा. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे चूक मोजली जाते ती उपलब्ध क्षमतेच्या प्रमाणात. साडेबारा मेगावॅटची चूक म्हणजे २५ टक्के. पहिल्या १५ टक्क्यांना, म्हणजे साडेसात मेगावॅटला, शुल्क नाही. पुढच्या पाच मेगावॅटला युनिटमागे ५० पैसे. पंधरा मिनिटांत त्याची १२५० युनिट होतात, म्हणजे ब्लॉकमागे ६२५ रुपये आणि तीन तासांचे साडेसात हजार. याउलट आम्ही ३५ मेगावॅट धरले असते, तर चूक ५० टक्क्यांवर जाऊन ५० पैसे, १ रुपया आणि दीड रुपया असे तिन्ही टप्पे लागले असते आणि ब्लॉकमागे ४६८७ रुपये पडले असते. म्हणजे शुल्काच्या दृष्टीने मधला आकडा देणे हाच शहाणपणा होता, आणि उद्या तशीच परिस्थिती आली तर मी पुन्हा तेच करीन.

तरीही मला ते टोचते. त्या संध्याकाळी मला एक गोष्ट निश्चित माहीत होती, ती ही की निर्मिती एक तर १० असेल किंवा ३५ असेल, साडेबावीस मात्र कधीच नसेल. आणि जो आकडा होणार नाही याची मला खात्री होती, नेमका तोच मी ग्रिड चालवणाऱ्यांना कळवला. माझ्याजवळची सर्वांत उपयोगाची माहिती त्या रकान्यात बसली नाही म्हणून माझ्यापाशीच राहिली. माझे विचारणे असे आहे की, अंदाज अधिक अचूक करत राहणे एवढाच यावर उपाय आहे का, की अंदाजातील अनिश्चितता स्वतःच वेळापत्रकात धरण्याची काही पद्धत आहे? आणि अशी माहिती मिळाली, तर भार प्रेषण केंद्रात बसलेला माणूस तिचे नेमके काय करेल?

निवृत्त भारप्रेषक

आपला प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण मी त्या खुर्चीवर बरीच वर्षे पाळी केली आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

नियंत्रण कक्षातील माणूस स्वतःला ‘रात्री ९ वाजता वारा किती असेल’ असे विचारत नाही. तो विचारतो, ‘आत्ता मला कोणता निर्णय घ्यावाच लागणार आहे, आणि तो चुकला तर मला मागे फिरता येईल का’. अनिश्चिततेची किंमत या दुसऱ्या प्रश्नावर ठरते. दोनशे मेगावॅटची चूक कधी कोयनेचा एक संच पाच मिनिटांत पोटात घालतो, आणि कधी तीच चूक दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी भारनियमनाची पाळी आणते. चूक तेवढीच असते, फक्त ती कोणत्या निर्णयावर येऊन आदळली ते वेगळे असते.

पावसाळ्यातील एक रात्र डोळ्यांसमोर आणा. चांगला पाऊस झाला आहे, त्यामुळे कृषिपंप बंद आहेत आणि राज्याची मागणी एकदम खाली आली आहे. त्याच पावसाबरोबर आलेला वारा साताऱ्यापासून धुळ्यापर्यंत पवनचक्क्या जोरात फिरवतो आहे. राज्यात पवनऊर्जेची क्षमता पाच हजार मेगावॅटच्या घरात आहे. ती सगळी एका वेळी चालत नाही, पण जुलैत तिचा मोठा भाग चालतो. कोळशाचे संच एकेक करून तांत्रिक किमान पातळीवर आणले जातात. ५०० मेगावॅटच्या संचाची ही पातळी ५५ टक्के धरली तर २७५ मेगावॅट होते. त्याखाली जायचे तर संच बंदच करावा लागतो. आणि बंद केलेला संच म्हणजे विझवलेली चूल नव्हे, की काडी ओढली आणि पेटली. बॉयलर आणि टर्बाइन थंड झाली असतील तर पुन्हा जोडणीवर यायला आठ-दहा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो, आणि तेवढे तेल जळते ते वेगळेच.

अशा रात्री मला जर कोणी सांगितले की उद्या सकाळी राज्यातील पवननिर्मिती दोन हजार असेल, तर त्या आकड्याने माझे काम भागत नाही. ती दोन हजार म्हणजे अठराशे ते बावीसशे, की आठशे ते अडीच हजार, हे मला हवे असते. पहिल्या प्रकारात मी निःशंक मनाने दोन संच बंद ठेवीन. दुसऱ्या प्रकारात मी कदाचित एकच बंद करीन, दुसरा किमान पातळीवर चालू ठेवीन आणि त्याचा जो जास्तीचा खर्च होईल तो विम्याचा हप्ता समजेन. सरासरी दोन्हीकडे सारखीच आहे, निर्णय मात्र वेगळा आहे.

यातूनच एक साधी कसोटी निघते आणि ती मी माझ्याबरोबरच्या प्रत्येक नव्या अभियंत्याला सांगत आलो. अंदाजाचे वरचे टोक घ्या आणि निर्णय काय निघतो ते पाहा. मग खालचे टोक घ्या आणि पुन्हा पाहा. दोन्ही टोकांना निर्णय तोच निघत असेल, तर ती अनिश्चितता कितीही मोठी दिसली तरी तिची चिंता करण्याचे आज कारण नाही. निर्णय बदलत असेल, तर तो पुढे ढकलता येतो का ते आधी पाहा. आदल्या दिवशीच्या वीजबाजारात बोली दुपारी १२ पर्यंत लावावी लागते, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या ब्लॉकसाठी ती जवळजवळ ३६ तास आधी लागते. पण १ जून २०२० पासून अर्ध्या-अर्ध्या तासाचा रिअल टाइम बाजार सुरू झाला आणि तिथे बोलीची खिडकी पुरवठ्याच्या एक तास आधी बंद होते. तेव्हा जे संशयास्पद आहे ते शक्यतो त्या बाजारासाठी राखावे आणि जे पक्के आहे तेवढेच आदल्या दिवशी बांधून टाकावे, हे धोरण आज शक्य आहे. आमच्या सुरुवातीच्या काळात ही सोय नव्हती.

जलविद्युत हा आपल्या राज्यातील सर्वांत मोठा आधार. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट होतात, त्यात चौथ्या टप्प्याचे २५० मेगावॅटचे चार संच आहेत. मिनिटांत चढवता आणि उतरवता येणारी एवढी क्षमता हाताशी असणे हे भाग्यच म्हणायचे. पण बाहेरून पाहणाऱ्याला एक गोष्ट सहसा दिसत नाही. कृष्णा पाणीवाटपाच्या निवाड्याप्रमाणे वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी एवढेच आहे आणि ते वर्ष जून ते मे असे मोजले जाते. म्हणून जुलैत धरण भरून वाहत असले, तरी वाऱ्याची चूक झाकण्यासाठी चालवलेल्या संचाचे पाणी त्या हिशोबात पडतेच, आणि ते मे महिन्यातल्या एखाद्या तापलेल्या संध्याकाळच्या वाट्याचे असते. कोयना आहे म्हणून अंदाजाची फिकीर नको, असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मी त्यांच्याशी कधीही सहमत झालो नाही.

आणखी एक मुद्दा. राखीव क्षमता म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तुटवडा येतो. पावसाळ्याच्या रात्री आपली अडचण उलटी असते, वीज जास्त होते आणि खाली उतरवायला जागा उरत नाही. मागणीचा अंदाज आणि वाऱ्याचा अंदाज तेव्हा एकाच वेळी चुकतात आणि दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो, कारण दोन्हींच्या मुळाशी पाऊसच असतो. पाऊस अपेक्षेपेक्षा लवकर आला की मागणी घटते आणि वारा वाढतो. म्हणून दोन्हींसाठी वेगवेगळी तरतूद करून ती नुसती बेरजेने जोडू नये. मागणीतून पवननिर्मिती वजा करून जी निव्वळ मागणी उरते, तिचीच अनिश्चितता एकत्र मोजावी. आणि ‘पवनक्षमतेच्या अमुक टक्के राखीव ठेवा’ असा वर्षभराचा एकच नियम तर करूच नये. ऑक्टोबरच्या शांत दुपारी तो वाया जाणारा खर्च आहे आणि जुलैत तो अपुरा आहे.

ऋतुमान

मी पुण्यात वातावरणशास्त्रात काम करते. वरील प्रतिसाद वाचून समाधान वाटले, कारण आमच्याकडून मागितला जातो तो नेहमी एकच आकडा, आणि आमच्या शास्त्राला खरे तर त्याहून जास्त सांगता येते.

चाळकेवाडीकर यांनी सांगितलेली रात्र हे वेळेच्या चुकीचे नमुनेदार उदाहरण आहे. वारा किती वाढणार हे दोन्ही अंदाजांना बरोबर कळले होते. केव्हा वाढणार यावर मतभेद होता. अशा दोन अंदाजांची सरासरी काढली की उंच कडा घासून तिचा उतार होतो. सरासरी अंदाज वर्षभराच्या मोजणीत चांगले गुण मिळवतो, कारण तो कधीच फार चुकत नाही, पण ज्या चढ-उतारांसाठी ग्रिडला इशारा हवा असतो नेमके तेच त्यात सपाट होतात. म्हणून केवळ सरासरी चुकीच्या टक्केवारीवर अंदाज देणाऱ्यांची निवड करू नये, असे मी कळकळीने सांगेन.

दुसरी गोष्ट पवनचक्कीच्या स्वभावाची आहे. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सेकंदाला ६ मीटरवरून ७ मीटर झाला, तर ऊर्जा २१६ वरून ३४३ झाली, म्हणजे जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढली. त्यामुळे मधल्या वेगांच्या पट्ट्यात आमची एका मीटरची चूक तुमच्याकडे मोठी होऊन पोहोचते. पण वेग १४ की १५ असा संशय असेल तर यंत्र पूर्ण क्षमतेवरच असते आणि त्या चुकीने काहीही बिघडत नाही. वर सेकंदाला २५ मीटरच्या आसपास यंत्रे सुरक्षिततेसाठी थांबतात, तिथे पुन्हा धोका आहे. तात्पर्य, अनिश्चितता किती हे त्या दिवशीचा वारा यंत्राच्या वेग-निर्मिती वक्राच्या कोणत्या भागावर आहे यावरही ठरते, आणि प्रत्येक ब्लॉकला सरसकट ‘अधिक-उणे १५ टक्के’ लावणे हे शास्त्राला धरून नाही.

अंदाजाची रुंदी, म्हणजे त्याच्या दोन टोकांतले अंतर, काढण्याचा मार्ग म्हणजे समूह-अंदाज. सुरुवातीच्या स्थितीत थोडे-थोडे फरक करून हवामानाचे तेच संगणकीय प्रारूप अनेकदा चालवायचे (प्रत्येक वेळचे उत्तर म्हणजे समूहाचा एक सदस्य) आणि उत्तरे एकमेकांपासून किती दूर जातात ते पाहायचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेली १२ किलोमीटर जाळीची २१ सदस्यांची समूह-अंदाज पद्धत जून २०१८ पासून वापरात आली आहे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होत असेल आणि त्याच्या मार्गाबद्दल सदस्यांत फाटाफूट असेल, तर तीन दिवसांनंतरच्या खानदेशातील वाऱ्याबद्दल ठाम बोलू नये, हे त्यातून आधीच कळते. मोसमी प्रवाह स्थिर आणि जोमदार असेल, तर सगळे सदस्य जवळजवळ एकाच सुरात बोलतात. त्या दिवशी राखीव क्षमता निःसंकोचपणे कमी ठेवता येते. अनिश्चितता मोजण्याचा फायदा असाही असतो, हे सहसा विसरले जाते.

मात्र समूहाची कच्ची उत्तरे जशीच्या तशी वापरू नयेत. सह्याद्रीचा कडा काही किलोमीटरांत शेकडो मीटर चढतो आणि १२ किलोमीटरच्या चौकटीत तो बोथट होऊन जातो. शिवाय समूहाची रुंदी जमिनीलगतच्या वाऱ्यासाठी बहुधा गरजेपेक्षा अरुंद निघते, म्हणजे प्रारूप असायला हवे त्यापेक्षा जास्त आत्मविश्वासाने बोलते. म्हणून मागच्या दोन-तीन पावसाळ्यांची प्रत्यक्ष निर्मिती घेऊन ती रुंदी दुरुस्त करावी लागते. तपासणी सोपी आहे. ‘दहापैकी नऊ वेळा निर्मिती यापेक्षा जास्त असेल’ असे आपण ज्या ज्या वेळी म्हटले, ते सगळे ब्लॉक गोळा करा आणि खरोखर दहापैकी नऊ वेळा तसे झाले का ते मोजा. सातच वेळा झाले असेल, तर आपली रुंदी खोटी आहे.

पुढच्या एक-दोन तासांसाठी मात्र आमच्या प्रारूपांपेक्षा ‘आत्ता आहे तेच राहील’ हा साधा अंदाज हरवणे फार कठीण असते. तिथे आपल्या यंत्रांवरून येणारी ताजी मोजमापे हाच खरा आधार आहे.

बेरजेबद्दल एक सूचना. समजा साताऱ्याच्या गटाच्या चुकीचे प्रमाण विचलन, म्हणजे चुका किती पसरतात याचे माप, १०० मेगावॅट आहे आणि धुळ्याच्या गटाचेही १०० आहे. दोन्ही चुका परस्परांशी संबंध नसलेल्या असतील, तर एकत्रित विचलन २०० होत नाही, १४१ होते. त्यांच्यात अर्धा, म्हणजे ०.५ सहसंबंध असेल तर १७३ होते. राज्याच्या पातळीवर अनिश्चितता जेवढी खरी आहे त्याहून जास्त दिसते ती अनेकदा अशी, की प्रत्येक उपकेंद्राची खालची टोके नुसती एकमेकांत मिळवली जातात. सगळीकडे एकाच वेळी सर्वांत वाईट होईल, असे त्यात न सांगता गृहीत धरलेले असते.

पठारवासी

मी पवनचक्क्यांच्या देखभालीचे काम करतो आणि माझे बोलणे वरच्या दोघांच्या मानाने साधे आहे, पण ते बाजूला राहू नये असे वाटते. अंदाजाची चूक म्हणून जे नोंदवले जाते त्यातला बराच भाग वाऱ्याचा नसतो.

मागच्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी आमच्याकडे ३३ केव्हीचा एक फीडर, म्हणजे यंत्रांची वीज उपकेंद्राकडे नेणारी वाहिनी, बिघाडाने बंद पडला आणि त्यावरची बारा यंत्रे बंद झाली. धुके इतके होते की समोरच्या यंत्राची पाती दिसत नव्हती, त्यामुळे रेषेवर बिघाड शोधत चालत जायला आम्हाला चार तास लागले. या चार तासांत वेळापत्रक देणाऱ्या कार्यालयाला कोणीही फोन केला नाही, कारण आम्ही सगळे रेषेवर होतो आणि तो फोन करणे हे कोणाचे काम आहे हे कधी ठरलेलेच नव्हते. त्यांच्या पडद्यावर उपलब्ध क्षमता पूर्ण दिसत राहिली आणि सगळी तूट वाऱ्याच्या नावावर जमा झाली. पुढे तीच आकडेवारी अंदाजाचे प्रारूप शिकवायला वापरली गेली असणार. म्हणजे प्रारूपाला आम्ही असे शिकवले की इतक्या वेगाच्या वाऱ्यात एवढीच वीज होते.

दुसरे, यंत्राच्या डोक्यावर बसवलेला वेगमापक पात्यांच्या मागे असतो. पात्यांतून निघालेला वारा तो मोजतो, समोरून येणारा नव्हे. जुन्या साडेतीनशे किलोवॅटच्या यंत्रांवर हे वेगमापक वर्षानुवर्षे तपासलेले नसतात. ताई म्हणतात तशी ताजी मोजमापे हवी असतील, तर आधी ती मोजणारी साधने नीट हवीत. वनकुसवड्याच्या पठारावरून खाली कोयनेचा जलाशय दिसतो. ते पाणी आमच्या चुकांसाठी खर्च होते हे साहेबांच्या प्रतिसादातून पहिल्यांदाच नीट समजले.

चाळकेवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. पठारवासी यांचा मुद्दा वाचून मी आमच्याकडील नोंदी पुन्हा काढल्या आणि मोठ्या चुकांचे ब्लॉक व बंद यंत्रांच्या नोंदी समोरासमोर ठेवून पाहिल्या. ते म्हणतात ते खरे आहे, आणि त्याची दुरुस्ती आमच्याच हातात आहे.

एक शंका मात्र उरते. आमच्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, रुंदी कळली की प्रत्येकाने आपल्या फायद्याचा बिंदू निवडून तोच वेळापत्रकात द्यावा. उदाहरणार्थ, कमी पडल्यास युनिटमागे ३ रुपये जातात आणि जास्त झाल्यास १ रुपया जातो असे धरले, तर गणिताने उत्तर येते की चारपैकी एकदाच निर्मिती ज्याच्या खाली जाईल असा आकडा द्यावा, म्हणजे २५ वा शततमक. हे गणित मला मान्य आहे, पण असे करणे योग्य आहे का?

निवृत्त भारप्रेषक

गणित बरोबर आहे, पण ते कोणी करावे हा खरा प्रश्न आहे. विजेची खरेदी करणाऱ्या वितरण कंपनीने किंवा राज्याच्या भार प्रेषण केंद्राने ते अवश्य करावे, कारण तुटवड्याची आणि अतिरिक्त विजेची खरी किंमत त्यांच्यावर पडते आणि सगळ्या राज्याची निव्वळ मागणी त्यांच्यासमोर असते. पन्नास-पन्नास मेगावॅटच्या प्रत्येक उपकेंद्राने स्वतःपुरते ते केले, तर सगळे एकाच वेळी हात राखून आकडे देतील आणि प्रत्यक्षात सगळ्यांची वीज एकाच वेळी जास्त येईल. तीही नेमकी पावसाळी रात्री, जेव्हा खाली उतरवायला जागा नसते. मग केंद्रातला माणूस तुमच्या आकड्यांत अंदाजाने भर घालू लागतो. माझ्या काळात आम्ही तसे करत असू, अमुक ठिकाणचा आकडा आला की त्यात मनातल्या मनात दहा टक्के मिळवायचे. ही पद्धत वाईट आहे, कारण ती माणसाबरोबर निवृत्त होते.

तेव्हा आकडा प्रामाणिक मधला द्या आणि रुंदी वेगळी द्या. राखून ठेवायचे किती, ते एकाच ठिकाणी ठरू द्या.

ऑस्टिनहून

मी अनेक वर्षे टेक्सासमध्ये वीजबाजाराशी संबंधित काम करतो. मूळ प्रश्नात ‘माहिती माझ्यापाशीच राहिली’ हे वाक्य वाचले आणि २६ फेब्रुवारी २००८ ची संध्याकाळ आठवली, म्हणून लिहितो.

त्या दिवशी इथल्या ग्रिडवरील पवननिर्मिती १७०० मेगावॅटच्या आसपास होती, ती काही तासांत ३०० पर्यंत उतरली. त्याच वेळी संध्याकाळची मागणी अंदाजापेक्षा वेगाने चढत होती. ग्रिड चालवणाऱ्या एरकॉटला आणीबाणीची पायरी जाहीर करून, आधी करार केलेल्या मोठ्या ग्राहकांचा सुमारे अकराशे मेगावॅटचा भार दहा मिनिटांत कमी करावा लागला. वर्तमानपत्रांनी सगळा दोष वाऱ्याला दिला. नंतरच्या अभ्यासात दिसले की मागणीची चढण वाऱ्याच्या उतारापेक्षा कितीतरी मोठी होती, आणि वारा पडणार हे तेव्हा चाचणीच्या टप्प्यावर असलेल्या एका अंदाजाने बऱ्यापैकी ओळखले होते. तो अंदाज अजून नियंत्रण कक्षाच्या रोजच्या वापरात आलेला नव्हता. पुढे इथे वाऱ्याच्या मोठ्या चढ-उताराची शक्यता दाखवणारा स्वतंत्र इशारा तयार झाला आणि राखीव क्षमताही अपेक्षित परिस्थितीप्रमाणे आधीच ठरवली जाऊ लागली.

आपल्याकडचे हवामान वेगळे आहे, त्यामुळे इथल्या पद्धती जशाच्या तशा नेण्यात अर्थ नाही. पण इशारा वेळापत्रकाच्या आकड्यात न मिसळता वेगळा पाठवणे, ही गोष्ट कुठेही करता येण्यासारखी आहे आणि तिला फारसा खर्च नाही.

चाळकेवाडीकर

मग मी येत्या जूनपासून असे करण्याचे ठरवत आहे, त्यात काही चूक वाटत असेल तर कृपया सांगावे. वेळापत्रकाचा आकडा नियमाप्रमाणेच जाईल. ज्या दिवशी समूहातील सदस्य दोन गटांत विभागलेले दिसतील, त्या दिवशी आम्ही त्यासोबत एक छोटे टिपण पाठवू. त्यात दोन्ही शक्यता, प्रत्येकीची वेळ आणि साक्री व सातारा दोन्हीकडे एकत्र काय अपेक्षित आहे, एवढेच असेल. यंत्रे बंद झाल्याचे कळवण्यासाठी प्रत्येक पाळीत एका माणसाचे नाव आम्ही आजच ठरवले आहे.

निवृत्त भारप्रेषक

टिपणात आणखी एक ओळ घाला: कोणती खूण दिसली की कोणती शक्यता खरी ठरते आहे असे समजावे. उदाहरणार्थ, ‘पश्चिमेकडच्या अमुक उपकेंद्राची निर्मिती साडेआठपर्यंत १५ मेगावॅटच्या वर गेली नाही, तर वारा मध्यरात्रीनंतर धरावा.’ पाळीवरच्या माणसाजवळ दोन पाने वाचायला वेळ नसतो, पण ठरलेल्या वेळी एक आकडा पाहायला तो विसरत नाही. आणि टिपण संध्याकाळी सहाच्या आत पोहोचेल असे पाहा, कारण रात्री कोणता संच बंद ठेवायचा हे साधारण त्याच सुमारास ठरते.